बारा पकडी, वीस दाढा

१

पिशोरचा सूर्यभान अडतीस वर्षांचा गडी. दोनशे मेंढरांमागं उन्हातान्हात चालणारा, साधा तापसुद्धा ठाऊक नसलेला. ऑक्टोबरात, खंडेनवमीच्या दिवशी, फुकटच्या दंतशिबिरात त्यानं किडलेली दाढ काढून घेतली आणि जानेवारीत काविळीनं मेला. दाढ काढून माणूस मरतो का? मरतो, काढणारा हरामखोर असला तर मरतो.

त्याच्याच गावची दोन माणसं आणि कन्नडची एक बाई अजून पिवळ्या डोळ्यांनी अंथरुणाला खिळली होती. चौघांच्या रक्तात एकच विषाणू निघाला, हिपॅटायटीस बी. चौघांची दाढ एकाच दिवशी, एकाच ठिकाणी काढलेली. संभाजीनगरात गारखेड्याला ‘धवलपंक्ती दंतालय’ म्हणून मोठा काचेचा दवाखाना आहे, तिथं.

शहरातल्या खासगी दवाखान्यांची स्वच्छता तपासायला ‘दंतसेवा दर्जा समिती’ नेमलेली होती. समिती म्हणजे माणसं दोन. एक अध्यक्ष, डॉक्टर तात्यासाहेब. गोदामाई धर्मादाय रुग्णालयाच्या दंतविभागाचे प्रमुख, पांढरे केस, मऊ आवाज, शहरातल्या निम्म्या दातांच्या डॉक्टरांचे गुरू. दुसऱ्या सिस्टर मंजुळाबाई. त्याच रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याच्या खोलीत राबून गेल्याच वर्षी रिटायर झालेल्या. जिभेला हाड नाही असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणायचे, त्यांच्या तोंडावरसुद्धा.

तात्यासाहेबांनी अहवाल तयार करूनच आणला होता. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचून दाखवलं, "दवाखान्याचं वाफेवर हत्यारं निर्जंतुक करणारं ऑटोक्लेव्ह यंत्र त्या दिवशी नियमाप्रमाणे चालू होतं, हे नोंदवहीवरून सिद्ध होतं. मात्र मदतनीस श्रीमती आवडाबाई यांनी वापरलेली उपकरणं यंत्रात न घालता तशीच पुढं दिली. सबब त्यांच्याविरुद्ध गुन्हा दाखल करावा. घ्या, सही करा."

"त्या बाईला विचारलं का कुणी?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"विचारायचं काय त्यात? हत्यारं धुणारी ती. उद्या चार वाजता पोलीस दवाखान्यात येणार आहेत. त्याआधी कागद पूर्ण पाहिजे."

मंजुळाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहीही बिघडलं की खापर धुणारीच्या डोक्यावर, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं बघितलं होतं. चारदा तर ते त्यांच्याच डोक्यावर फुटलं होतं.

"मग उद्या चार वाजताच करते सही," त्या म्हणाल्या. "तोवर मला दवाखाना बघू द्या."

तात्यासाहेब हसले. त्यांना घाई नव्हती. एका बाईला तुरुंगात घालायला कितीसा वेळ लागतो?

२

‘धवलपंक्ती’चे मालक डॉक्टर नानासाहेब मोठे गोडबोले. सकाळी नऊला मंजुळाबाई दारात दिसताच त्यांनी चहा सांगितला. मंजुळाबाईंनी तो तसाच ठेवला.

भिंतीवर शिबिराचा मोठा फोटो होता. ‘गाव तिथे हास्य’ असा फलक, खाली पिशोर-कन्नडकडची वीस माणसं उन्हात डोळे बारीक करून उभी, पुढं हार घातलेले प्रमुख पाहुणे तात्यासाहेब आणि बाजूला नानासाहेब.

"शिबिर सरांच्या नावानं होतं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"सर दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास घेतात. जीपगाड्या त्यांच्याच. आमची फक्त जागा." नानासाहेबांनी खिशातून रुमाल काढला. "सिस्टर, मला लई वाईट वाटतंय हो. आवडाबाई अकरा वर्षं आहे माझ्याकडं. पण हात कुणाचे घाण आणि नाव कुणाचं खराब."

"चार वाजेपर्यंत मी इथं आहे. त्या दिवसाचे केसपेपर आणि नोंदवही द्या."

केसपेपर वीस होते, आणि त्यांच्यावर दाढा काढल्या त्या क्रमानं नंबर टाकलेले. मंजुळाबाईंनी आजारी पडलेल्या चौघांचे नंबर बोटानं शोधले. चौदा, पंधरा, सतरा, आणि सूर्यभानचा वीस. त्यांनी पुन्हा बघितलं. पहिल्या डझनभरात आजारी एकही नव्हता.

सातव्या कागदावर मात्र लाल शाईची खूण होती. काविळीचा बोभाटा झाल्यावर आरोग्य खात्यानं सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा सात नंबरच्या म्हाताऱ्याच्या अंगात हा विषाणू जुना असल्याचं निघालं. त्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे विष आलं सात नंबरकडून आणि लागलं ते चौदापासून पुढं. आठ ते तेरा मधल्या मधे कोरडे कसे राहिले?

मग त्यांनी नोंदवही उघडली. वाफेच्या यंत्रात हत्यारांची पाकिटं घालताना त्यांच्यावर एक पट्टी चिकटवतात. तिच्यावर फिकट रेघा असतात, पुरेशी वाफ लागली की त्या काळ्या पडतात. यंत्र उघडलं की पट्टी सोलून वहीत चिकटवायची आणि वेळ लिहायची. एक दिवस, एक पान. खंडेनवमीच्या पानावर वरती कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि खाली आठ ओळी, आठ पट्ट्या, आठही पट्ट्या काळ्याभोर. वेळा होत्या अकरा वीस, अकरा चाळीस, बारा, बारा वीस, अशा थेट दुपारी एक चाळीसपर्यंत. प्रत्येक ओळीपुढं ‘आ’ एवढीच सही.

"बघा," नानासाहेब म्हणाले, "यंत्र आठदा फिरलं. पुरावाच आहे."

मंजुळाबाईंनी वही काखेत मारली. "आवडाबाई कुठं आहे?"

"कामावरून काढलंय तिला. पण मागं जिन्याखाली बसलीय सकाळपासून. उठत नाही."

३

आवडाबाई पन्नाशीची, शेंद्र्याकडची, नवऱ्यामागं एकटीनं राहणारी बाई. रडून रडून डोळे सुजले होते, पण आवाज खणखणीत होता.

"म्या हात लावला न्हाई त्या वहीला त्या दिवशी," ती म्हणाली. "कशी लावीन? पुजली व्हती."

"काय पुजली होती?"

"वही, मशीन, पकडी, समदं. खंडेनवमी व्हती ना बाई. शेतकरी नांगर पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, मग आपल्या पोटाची हत्यारं नगं का पुजायला? सकाळी नऊला म्या मशीनच्या दाराला दोरा बांधला, हळदकुंकू वाहिलं. वहीचं त्या दिवसाचं पान उघडून स्वस्तिक काढलं आन पानभर कुंकवाची पाच बोटं टेकवली. पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी काम सांगत नसतात. दर सालाला असंच करते म्या, डॉक्टरांना ठावं हाय."

"मग दाढा कशानं काढल्या?"

"आदल्या दिशी सांजंपस्तोर मशीन चालवून बारा संच करून ठिवले व्हते. पकडी, आरसा, चिमटा, एकेका पाकिटात. दवाखान्यात संचच बारा हायत. डॉक्टर म्हनले, उद्या अर्धा दिवस, दहा-बारा लोक येतील. म्हनलं भागतंय." तिनं पदर तोंडाशी नेला. "अकराला जीपा आल्या. माणसं बगितली तर वीस. बारा संच संपले तवा म्या डॉक्टरांपाशी गेले. म्हनलं, दोरा सोडते, देवाची माफी मागते, पर तासभर कळ काढा. तर म्हनले, तू जा घरी, उद्या दसरा हाय, पुरणाचं बघ. मला परसादाचा नारळ दिला आन धाडून दिलं."

मंजुळाबाईंना आता हिशेब लागला. बाराव्या माणसापर्यंत प्रत्येकाला स्वच्छ संच मिळाला होता. तेराव्यापासून विसाव्यापर्यंत आठ जणांना पहिल्यांच्या रक्तात बुडालेल्या पकडी मिळाल्या. कुणीतरी त्या एकाच भांड्यात खंगाळल्या असतील, कापसानं पुसल्या असतील, आणि पुढच्याला म्हणलं असेल, आ कर.

"परत कामावर कधी आलीस?"

"शनिवारी दसरा, मग आयतवार, सोमवारी डॉक्टर गावी. मंगळवारी दवाखाना उघडला. त्याच दिशी तपासणी व्हती, वही सायबांनी मागून घेतली व्हती. सांजच्याला मिळाली. म्या पान उलटून नव्या पानावर लिवलं. पुजलेलं पान परत कशाला उघडायचं?"

"तुझ्याजवळ कुणी साक्षीला?"

"नारळ फोडताना म्या आन डॉक्टर. दोघंच." आवडाबाईनं वर बघितलं. "आन डॉक्टर आता म्हनतात, पूजा झालीच न्हाई."

४

यंत्राची दुरुस्ती करणारा कारभारी नावाचा मिस्त्री होता. मंजुळाबाईंचा निरोप गेला तसा तो स्कूटरवरून आला आणि आल्या आल्या हात वर केले.

"सिस्टर, माझा काय संबंध नाय. मशीन एकदम टकाटक हाय. मी सप्टेंबरात सर्टिफिकेट दिलंय."

"घाबरू नको रे बाबा. चालू करून दाखव नुसतं."

"रिकामं?"

"एका पाकिटासकट. आणि बटण दाबल्यापासून दार उघडेपर्यंत घड्याळ लावते मी."

कारभारीनं यंत्रात पाणी भरलं, पाकीट ठेवलं, बटण दाबलं. दोघं स्टुलावर बसून राहिले. यंत्र घरघरत होतं. दहा मिनिटांनी कारभारी तंबाखू मळायला लागला आणि मंजुळाबाईंच्या नजरेनं ती परत पुडीत गेली.

"अजून किती?" त्यांनी विचारलं.

"जुनं मॉडेल हाय हे. पाणी तापून वाफ चढायलाच वीस मिनिटं. मग वीस मिनिटं वाफ धरून ठिवायची. मग वाफ सोडायची, वाळवायचं, गार करायचं. त्याआधी दार उघडतच नाय, लॉक असतंय."

पंचावन्न मिनिटांनी दार उघडलं. मंजुळाबाईंनी नोंदवही कारभारीच्या मांडीवर टाकली आणि खंडेनवमीचं पान दाखवलं.

त्यानं वेळा वाचल्या आणि त्याला हसूच आलं. "वीस-वीस मिनिटाला? नाय हो. एवढ्या वेळात हे मशीन तीनदा फिरंल कसंबसं. आठदा कसं फिरंल? कुणी लिहिलंय हे?"

"तूच सांग. आवडाबाई लिहील?"

"ती बाई अकरा वर्षं या स्टुलावर बसलीय. झोपेतसुद्धा पंचावन्नच लिहील. मीसुद्धा." कारभारीनं डोकं खाजवलं. "हे लिहिणारानं मशीन पुस्तकात बघितलंय. पुस्तकात वीसच मिनिटं लिहिलेली असत्यात, वाफ धरायची. स्टुलावर बसलेलाच नाय तो कधी."

म्हणजे डॉक्टर. हत्यार तयार हातात घेणारा, ते तयार कसं होतं हे कधी वळून न बघणारा. मंजुळाबाईंना नानासाहेबांचा गोड चेहरा आठवला आणि चहा न प्यायल्याचं समाधान वाटलं.

पण पूजेचं काय? नानासाहेब तर पूजेला उभे होते. यंत्र दिवसभर बांधलेलं असणार, आवडाबाई ते विसरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्याच दिवशी यंत्र आठदा फिरल्याची थाप ते तिच्याच सहीनं कसे मारतील? आणि पूजा झाली याला तरी पुरावा काय?

मंजुळाबाईंनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. मग नखानं तिसरी पट्टी हळूच उचलली. पट्टीच्या खाली कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. पाचवी उचलली, तिच्याखालीही तसंच.

आवडाबाई खरं बोलत होती. पान आधी पुजलं गेलं आणि पट्ट्या मागाहून त्या बोटांवर झाकण म्हणून बसल्या. स्वस्तिक मात्र तसंच राहिलं, कारण वहीच्या माथ्यावर स्वस्तिक कुणाच्याही डोळ्यांत खुपत नाही. पानभर कुंकू का आहे, हे चिकटवणाऱ्याला कळलं नाही. कुठल्यातरी अडाणी बाईचं काहीतरी खूळ, असं समजून त्यानं ते झाकून टाकलं. पूजेला हजर असलेला माणूस असं करणार नाही.

मग पट्ट्या चिकटवल्या कुणी? मंजुळाबाईंनी उचललेली पट्टी उलटी केली आणि डोळ्यांजवळ नेली.

५

पाकिटावरून सोललेल्या पट्टीच्या पाठीला कागदाचा पापुद्रा चिकटून येतो. वहीतल्या बाकीच्या सगळ्या पानांवर तो होता. एकेक उचलून बघितली, तर या आठही पट्ट्यांच्या पाठीला कागद नव्हता, हिरव्या कापडाचे तंतू होते.

‘धवलपंक्ती’त हत्यारं कागदी पाकिटात बांधतात. हिरव्या कापडात बांधतात ती गोदामाई रुग्णालयात. तिथं मंजुळाबाईंनी अठ्ठावीस वर्षं तेच कापड शिवलं, धुतलं, घडी घातलं होतं. त्यांनी पट्टीच्या कडा बघितल्या. एक कड सरळ, दुसरीला कात्रीचा वाकडा हात. गोदामाईची पट्टी रुंद असते. कापून ती इथल्या पट्टीएवढी केली होती.

त्यात काही अवघडही नव्हतं. इथल्या यंत्रात पट्ट्या काळ्या करायच्या तर आवडाबाईच्या देखत कराव्या लागल्या असत्या. बाहेरून काळ्या करून आणलेल्या बऱ्या.

साडेतीन वाजत आले होते. मंजुळाबाईंनी जिन्यात उभं राहून गोदामाईच्या निर्जंतुकीकरण खोलीत फोन लावला. तिथं बन्सी होता, त्यांनीच हाताखाली शिकवलेला.

"बन्सी, नीट आठवून सांग. दसऱ्यानंतर लगेच, वापरलेल्या काळ्या पट्ट्या कुणी मागितल्या होत्या का?"

"व्हय सिस्टर. मंगळवारी. मला आठवतंय, कारण वापरलेल्या पट्ट्या मागणारं अजून कुणी भेटलं नव्हतं. विद्यार्थ्यांना दाखवायला पाहिजेत म्हणले. आठ दिल्या मोजून."

"कुणाला दिल्या?"

बन्सीनं नाव सांगितलं. मंजुळाबाई जिन्याच्या पायरीवर आवडाबाईशेजारी बसल्या. मग त्यांनी बोटं मोजली. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. पुन्हा मोजली.

"काय झालं बाई?" आवडाबाईनं विचारलं.

"ऊठ," मंजुळाबाई म्हणाल्या. "चार वाजता आपल्याला वर जायचंय. तू माझ्यासंग खुर्चीवर बसायचं. जमिनीवर न्हाई."

६

चार वाजता नानासाहेबांच्या केबिनमध्ये फौजदार, कारभारी, नानासाहेब आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर तात्यासाहेब बसले होते. आवडाबाई खुर्चीवर बसली तेव्हा नानासाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"मंजुळाबाई, सही," तात्यासाहेब पेन पुढं करत म्हणाले.

"करते. आधी ऐका." मंजुळाबाईंनी वही टेबलावर ठेवली. पट्ट्यांखालचं कुंकू दाखवलं, पंचावन्न मिनिटांचा हिशेब कारभारीच्या तोंडून वदवून घेतला, बारा संच आणि वीस केसपेपर शेजारी शेजारी मांडले. फौजदार पुढं सरकला.

"म्हणजे हे पान खोटं आहे," तो म्हणाला. "डॉक्टर नानासाहेबांनी लिहिलं?"

"मी नाही," नानासाहेब पटकन म्हणाले. एवढ्या पटकन, की सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"बरोबर आहे. तुम्ही नाही," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुम्ही पूजेला होतात. यंत्र बांधलेलं होतं हे तुम्हाला माहीत. पान लिहिणाऱ्याला पूजा माहीत नव्हती, यंत्राला लागणारा वेळ माहीत नव्हता, आणि त्याच्या हाताशी गोदामाई रुग्णालयाच्या पट्ट्या होत्या. वही मंगळवारी दिवसभर एकाच माणसाकडं होती. तपासणीसाठी." त्यांनी पान उलटलं. मागच्या बाजूला गोल शिक्का होता, ‘तपासले, समाधानकारक’, आणि खाली झोकदार सही. "सर, तुमची आहे ना?"

तात्यासाहेबांचा मऊ आवाज मऊच राहिला. "शिक्का माझा आहे. वही मी तपासली. त्यावरून खोटं मी लिहिलं असं होत नाही."

"बन्सीनं आठ पट्ट्या तुमच्या हातात मोजून दिल्यात. विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून. त्या इथं आहेत, आठच्या आठ. पाठीला आपल्या दवाखान्याचं हिरवं कापड चिकटलंय. ते मी शिवलंय, सर."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. पुसतच राहिले.

"पण सरांनी का करावं?" फौजदारानं विचारलं. "दवाखाना तर यांचा."

"ते यांनाच विचारा," मंजुळाबाई नानासाहेबांकडं वळल्या. "तेरापासून वीसपर्यंतच्या दाढा कुणी काढल्या?"

नानासाहेब एकदा गुरूकडं बघत होते, एकदा फौजदाराकडं. मग त्यांचा धीर सुटला. "सरांनी. फोटोवाला आला होता, सर म्हणाले शेवटचे मी काढतो. मी सांगितलं, संच संपलेत. सर म्हणाले, स्पिरिटमध्ये बुडवा आणि द्या, दोन वाजता जीपा सुटायच्यात, माझा दुसरा कार्यक्रम आहे. मी तर नको म्हणत होतो."

"नको म्हणत होता आणि देत होता," मंजुळाबाई म्हणाल्या. "तुम्ही काही सोवळे नाही. केसपेपरवर आठही ठिकाणी तुमची सही आहे."

"एक चूक झाली," तात्यासाहेब शेवटी बोलले. "चाळीस वर्षांत एक. मंगळवारी पानावर एकही नोंद दिसली नाही तेव्हा लक्षात आलं की वीस पेशंट आणि यंत्र बंद, हे कुणीही जोडेल. चाळीस वर्षांचं नाव एका पानासाठी घालवायचं? कुणाला काही होईल असं वाटलं नव्हतं. होण्याची शक्यता फार कमी असते, मंजुळाबाई, तुम्हाला ठाऊक आहे."

मंजुळाबाई उभ्या राहिल्या. आवाज एवढा चढला की बाहेर दात साफ करून घ्यायला बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या.

"मला ठाऊक आहे, आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वापरलेली सुई मला रुग्णालयात दोनदा टोचली होती. दोन्ही वेळा तुम्हीच मला पळत पाठवलं होतंत, लस घ्या, इंजेक्शन घ्या, जितक्या लवकर तितकं बरं, सात दिवसांच्या आत घेतलं तरी बहुतेक माणूस वाचतो. तुमचे शब्द आहेत. शुक्रवारी दाढा काढल्यात. मंगळवारी तुम्ही बिननोंदीचं पान बघितलंत. सातवा दिवस शुक्रवारी होता. त्या आठ जणांचे पत्ते या केसपेपरांवर होते, जीपा तुमच्या होत्या. तुम्ही आठ माणसांना बोलावून आठ इंजेक्शनं द्यायची सोडून आठ पट्ट्या कापत बसलात. घाई झाली ती चूक म्हणा. पण मंगळवारी जे केलंत त्याला मी चूक म्हणणार नाही."

तात्यासाहेबांचं पेन टेबलावर पडून होतं. मंजुळाबाईंनी ते उचललं, त्यांच्या अहवालावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं नवीन लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत त्यांनी अध्यक्षांचं पूर्ण नाव लिहिलं, पदव्यांसकट. दुसऱ्या ओळीत नानासाहेबांचं.

"आवडाबाईचं नाव कुठं लिहू?" फौजदारानं आपल्या वहीत बघत विचारलं.

"साक्षीदारात," मंजुळाबाई म्हणाल्या. "एक नंबरला."

७

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई एसटीनं पिशोरला गेल्या. सोबत आवडाबाई होती. येऊ नको म्हणून सांगितलं तरी आली होती.

सूर्यभानचं घर गावाच्या टोकाला, मेंढवाड्याला लागून. आई बानाबाई दारात लोकर निवडत बसली होती. सत्तरीची म्हातारी, हात काटकुळे. तिनं दोघींना घोंगडी टाकली, पाणी दिलं.

मंजुळाबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, मऊही केलं नाही. पकडी कुणाच्या होत्या, धरल्या कुणी, वही कुणी रंगवली.

"ते दोघं आता तुरुंगात जातील," त्या म्हणाल्या. "मी सोडणार नाही त्यांना, मावशी."

बानाबाईनं मान हलवली. तुरुंगाचं तिला काही पडलेलं दिसलं नाही. तिनं एकच विचारलं.

"म्हंजी मंगळवारी ठावं झालं व्हतं त्यांना?"

"व्हय."

"आन इंजेक्शन दिलं असतं तर वाचला असता?"

"नक्की कुणी सांगू शकत नाही. पण बहुतेक वाचला असता."

"कवापस्तोर द्यायचं व्हतं?"

"शुक्रवारपर्यंत."

म्हातारीनं हातातली लोकर खाली ठेवली आणि बोटं मोजली. आवडाबाई तोंडाला पदर लावून रडत होती.

"बुधवार, बेस्तरवार, शुक्कीरवार," बानाबाई म्हणाली. "तिन्ही दिस घरीच व्हता ओ त्यो. त्या हप्त्यात मेंढरं कातरायची व्हती, म्हनून रानात गेलाच न्हाई. हितंच बसला व्हता, या दारात. कुनी नुस्ती हाक मारली असती, तरी उठून आला असता."